रोजचा फेरफार हाच भरवसा

“अहो, हे तर काल रात्रीही बदललंय!”

एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक समितीची बैठक होती. बाहेरचं इंटरनेट संस्थेच्या जाळ्यात जिथून शिरतं, तिथं फायरवॉल म्हणून ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी, असा प्रस्ताव मी मांडला होता. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी बसल्या जागी मोबाइलवर त्या सिस्टिमच्या सोर्स कोडमधल्या बदलांची यादी उघडली. एका दिवसात वीसेक नोंदी. आदल्या दिवशीही जवळपास तेवढ्याच. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “ज्या घराचा पाया रोज कुणीतरी उकरतंय, त्या घरात मी ठेवीदारांची तिजोरी कशी ठेवू?”

प्रस्ताव बारगळला. नंतर संस्थेने एक बंद खोका विकत घेतला. त्याच्या आत कोणता कोड आहे, तो केव्हा बदलला, कुणी बदलला, हे त्या खोलीतल्या एकालाही सांगता आलं नसतं. तरी सगळ्यांना हायसं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या सदस्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडलाच पाहिजे. पण रोज बदलतं ते भरवशाचं नाही, हा त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मी गेल्या काही वर्षांत सरकारी कचेऱ्यांत, महाविद्यालयांत, छोट्या कारखान्यांत इतक्यांदा ऐकला आहे, आणि त्यापायी इतके चुकीचे निर्णय होताना पाहिले आहेत, की आता त्याचं सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी, रोज बदलतं म्हणजे नेमकं काय बदलतं ते पाहू. ओपनबीएसडीचा प्रकल्प १९९५ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरातून थिओ डी राट यांनी सुरू केला. नेटबीएसडी या भावंड-प्रकल्पातून वेगळं व्हावं लागल्यावर त्यांनी ही नवी चूल मांडली. त्या वेळी बहुतेक मुक्त प्रकल्पांचा चालू कोड फक्त आतल्या मंडळींना दिसे. बाहेरच्यांना मिळत ती अधूनमधून बांधलेली गाठोडी. डी राट आणि चक क्रेनर यांनी ती पद्धत मोडली. कोडचं मूळ भांडार कुणालाही, नाव न सांगता, वाचण्यासाठी खुलं राहील अशी सोय त्यांनी केली. बदल आत गेला की काही वेळातच जगातला कुणीही तो पाहू शकतो, आणि मागच्या प्रत्येक बदलापर्यंत ओळीओळीने मागे जाऊ शकतो. आज ही गोष्ट सगळीकडे गृहीत धरली जाते, पण तेव्हा ती नवी होती.

आता त्या वीस नोंदी उघडून वाचा. एकीत मदतपानातलं चुकलेलं वाक्य सुधारलेलं असतं. दुसरीत मेमरी मागितल्यावर ती मिळाली की नाही, हे न तपासता पुढे जाणारी ओळ सापडलेली असते आणि तिथं तपासणी घातलेली असते. कुठे नव्या नेटवर्क कार्डची ओळख करून दिलेली असते, तर कुठे कुणालाही न लागणाऱ्या चाळीस ओळी काढून टाकलेल्या असतात. प्रत्येक नोंदीवर बदल करणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण असतं. शेवटी बहुधा छोटासा ‘ओके’ असतो आणि त्यापुढे दुसऱ्या एखाद्या डेव्हलपरचं नाव. म्हणजे बदल आत जाण्याआधी आणखी एका जाणत्या माणसाने तो वाचला आहे आणि आपलं नाव त्याला जोडलं आहे.

घरी शेतजमीन असलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. सातबारा कधी बदलत नाही म्हणून का आपण त्यावर विश्वास ठेवतो? वारस लागतात, खरेदीखत होतं, बोजा चढतो, उतरतो. सातबारा बदलतच असतो. भरवसा आहे तो फेरफाराच्या वहीवर. गाव नमुना सहामध्ये बदलाला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जमीन घेताना शहाणा माणूस फक्त आजचा उतारा पाहून थांबत नाही, जुने फेरफार काढून वाचतो. ज्या उताऱ्यामागचे फेरफार सापडत नाहीत, त्या व्यवहारातून तो पाय मागे घेतो. आमचे ते ज्येष्ठ सदस्यही जमीन तारण घेऊन कर्ज देताना हे फेरफार मागितल्याशिवाय सही करत नसणार. मग ठेवीदारांच्या तिजोरीच्या दारावर बसवायच्या यंत्राचे फेरफार दिसतात, हाच त्याचा दोष कसा झाला?

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. रोजचे बदल रोज कुणाच्या फायरवॉलवर जाऊन आदळत नाहीत. ते प्रकल्पाच्या चालू शाखेत होतात आणि डेव्हलपर स्वतःची रोजची यंत्रं त्याच शाखेवर चालवतात. स्वतः केलेला बिघाड दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्याच टेबलावर येतो, त्यामुळे हात आपोआप जपून चालतो. दर सहा महिन्यांनी नव्या गोष्टी घेणं थांबवून, तपासून, नवी आवृत्ती काढली जाते. पतसंस्थेने चालवायची ती ही आवृत्ती. तिच्यावर पुढे फक्त सुरक्षेच्या आणि भरवशाच्या मोजक्या दुरुस्त्या येतात, त्यांतल्या प्रत्येकीचं कारण लिहिलेलं असतं, आणि त्या एका आज्ञेने बसवता येतात. पाया उकरला जात नाही. पायाची तपासणी थांबत नाही, एवढंच.

पण हे उत्तर इथेच संपवलं, तर ते अर्धंच राहील. कारण ‘बदल आवृत्तीपुरता होतो, घाबरू नका’ असं म्हणण्यात बदल ही नाइलाजाने सोसायची गोष्ट आहे, हे कबूल केल्यासारखं होतं. मला ते कबूल नाही. न बदललेला कोड हा आपल्या क्षेत्रातला सगळ्यांत मोठा धोका आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी २०१४ सालाकडे जाऊ.

त्या वर्षी ७ एप्रिलला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. बँकेच्या संकेतस्थळापासून ईमेलपर्यंत, जगातला कुलूपबंद संवाद मोठ्या प्रमाणावर ओपनएसएसएल या कोड-संग्रहावर चालत होता. त्यात एक सोय होती. समोरच्या यंत्राला ‘जागा आहेस ना?’ असं विचारायचं, एक छोटा शब्द पाठवायचा, आणि तोच शब्द परत मागायचा. शब्दाची लांबी विचारणाराच सांगणार. ती खरी आहे का, हे कोड तपासतच नव्हता. एका अक्षराचा शब्द पाठवून चौसष्ट हजार अक्षरं परत मागितली, तर सर्व्हर स्वतःच्या मेमरीतून तेवढी अक्षरं निमूटपणे काढून देई. त्यात कुणाचा पासवर्ड असे, कुणाची किल्ली. २०११ च्या अखेरच्या दिवशी ही चूक आत गेली, मार्च २०१२ मध्ये ती आवृत्तीबरोबर जगभर पोचली आणि दोन वर्षं तशीच बसून राहिली.

माझे विरोधक इथे लगेच म्हणतील, “बघा, हा कोडही उघडाच होता की!” होता. मी ते लपवणार नाही. कोड उघडा असला तरी तो वाचणारं माणूस लागतं. ओपनएसएसएलला तेव्हा वर्षाला मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या, आणि अवघ्या जगाची कुलपं सांभाळायला पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. कोड वाढत गेला, जुना भाग कुणी उपसला नाही, आणि त्या अडगळीत नवी चूक कुणाच्या नजरेस पडली नाही.

ओपनबीएसडीच्या मंडळींनी तो संग्रह उघडला तेव्हा त्यांना काय दिसलं? व्हीएमएससारख्या, कुणी क्वचितच वापरत असलेल्या यंत्रणांसाठी लिहिलेला कोड. विंडोजच्या केव्हाच मागे पडलेल्या आवृत्त्यांसाठीच्या पायवाटा. सगळ्यांत जिव्हारी लागलेली गोष्ट अशी की ओपनएसएसएलने मेमरी देण्या-घेण्याची आपली वेगळीच व्यवस्था लावली होती. ओपनबीएसडीच्या मेमरी-व्यवस्थेत अशा चुका पकडण्यासाठी वर्षानुवर्षं घातलेले सापळे होते. या वेगळ्या व्यवस्थेमुळे ते सगळे सापळे बाजूला पडले होते. घराला राखणदार ठेवला, आणि मागच्या अंगणातून घरच्यांनीच वेगळी वाट पाडली, असा तो प्रकार.

त्याच एप्रिल महिन्यात त्यांनी लिब्रेएसएसएल नावाने त्या कोडची वेगळी शाखा काढली. पहिल्या आठवड्यात सी भाषेतल्या सुमारे नव्वद हजार ओळी काढून टाकल्या. त्या आठवड्याची फेरफाराची वही आजही वाचता येते, कुणी कोणती ओळ का उडवली ते ओळीसह. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या ओपनबीएसडीच्या ५.६ आवृत्तीत हा साफ केलेला संग्रह बसवलेला होता. ‘चालणाऱ्या गोष्टीची एवढी कापाकापी कशाला?’ असा आरडाओरडा तेव्हाही झालाच. पण ती गोष्ट चालत नव्हती. चालत असल्याचा आभास होता, आणि न बदलल्यामुळे तो आभास टिकून होता.

कोकणात पावसाआधी घर शाकारतात. एका वर्षी कंटाळा केला तर लगेच घर पडत नाही, म्हणून तो कंटाळा करावासा वाटतो. ज्याने कौलं काढून खालचे वासे पाहिलेत, त्यालाच वाळवी कुठवर आली आहे ते कळतं. ओपनबीएसडीने १९९६ च्या उन्हाळ्यात असंच एक काम हाती घेतलं आणि ते आजवर थांबवलेलं नाही. सहा ते बारा जणांचा गट सिस्टिममधली एकेक फाइल घेऊन वाचतो. एका ठिकाणी एका प्रकारची चूक सापडली, की तशीच चूक कोडच्या अवघ्या झाडात आणखी कुठे कुठे आहे ते शोधून सगळीकडे दुरुस्त करतो. रोजच्या नोंदींमध्ये एकाच दिवशी दहा फाइलींत सारखीच दुरुस्ती दिसते, तिचं कारण बहुतेकदा हे असतं.

या कष्टाचं फळ किती उशिरा मिळतं, त्याचा एक पुरावा देतो. अक्षरांची ओळ एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवताना जागा अपुरी पडली आणि अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडली, तर हल्लेखोराला वाट मिळते. ते टाळण्यासाठी टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी १९९८ मध्ये ‘स्ट्रएलसीपीवाय’ हे छोटं, सुरक्षित साधन लिहिलं आणि आपल्या झाडात जागोजागी जुन्या साधनाऐवजी ते बसवलं. लिनक्स या दुसऱ्या उघड्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या ग्लिबसी या मूळ संग्रहाने ते वर्षानुवर्षं नाकारलं. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये स्वीकारलं. मध्ये पंचवीस वर्षं गेली. रोज बदलणारे उतावळे, हा आरोप करणाऱ्यांनी ही पंचवीस वर्षं मोजून पाहावीत.

आता माझ्या बाजूला सगळ्यांत जड जाणारी गोष्ट. ती टाळली तर हा प्रतिवाद लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही. दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्यासाठी जगभर वापरलं जाणारं ओपनएसएसएच हे याच प्रकल्पाचं अपत्य, १९९९ मधलं. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी त्यात एक गंभीर दोष जाहीर केला. ठरावीक वेळेत, बहुधा दोन मिनिटांत, कुणी ओळख पटवली नाही, तर संपर्क तोडणारा एक गजर त्यात वाजतो. तो वाजताना लिनक्सवर मेमरीची एक नाजूक हालचाल अर्धवट राहू शकत होती, आणि अफाट चिकाटीच्या हल्लेखोराला तिथून शिरता येणं शक्य होतं. याच जागेचा दोष २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदी ठेवण्याच्या भागाची फेररचना करताना ती जुनी दुरुस्ती निसटली. रोजच्या बदलांपैकीच एक बदल, वाचूनही न दिसलेला.

ही चूकच होती, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. पण तिचा शोध कसा लागला ते पाहा. क्वालिसच्या मंडळींना कोडही दिसत होता आणि त्याचा इतिहासही. म्हणून त्यांना फक्त दोष आहे एवढं सांगून थांबावं लागलं नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या बदलाने, कोणती ओळ गेल्यामुळे तो परत आला, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आणि दुसरी गोष्ट अशी की खुद्द ओपनबीएसडीवर हा दोष लागूच नव्हता. कारण २००१ मध्ये त्यांनी त्या गजराच्या क्षणी वापरायला सुरक्षित असं नोंद लिहिण्याचं वेगळं साधन तयार केलं होतं आणि तिथे तेच वापरलं जात होतं. एका दिवसाच्या फेरफाराने केलेली चूक, तेवीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या दिवसाच्या फेरफाराने त्यांच्या घरात शिरू दिली नाही.

त्याच महिन्यात, १९ जुलैला, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज यंत्रांवर एक छोटी फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे पंच्याऐंशी लाख यंत्रं निळा पडदा दाखवून बसली. आपल्याकडच्या विमानतळांवरही रांगा लागल्या आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो बदल रोजच्यासारखाच एक बदल होता. बंद खोक्यांचेही रोज फेरफार होतात, दिवसातून अनेकदा होतात. फक्त ती वही ग्राहकाला दाखवत नाहीत. त्या फाइलीवर दुसऱ्या कुणाचा ‘ओके’ होता का, ती आधी कुणी बाहेरच्याने वाचली होती का, हे विमानतळावर ताटकळलेल्यांना तर सोडाच, विमान कंपनीलाही विचारता आलं नसतं. तासा-सव्वातासात कंपनीने फाइल मागे घेतली. पण तोवर कोसळलेली यंत्रं एकेक करून माणसांना हाताने उठवावी लागली.

म्हणून बदलणारी सिस्टिम घ्यायची की न बदलणारी, हा प्रश्नच खोटा आहे. न बदलणारी सिस्टिम बाजारात मिळत नाही.

दुसरा आरोप तितकाच पसरलेला आहे: उघडं भांडार म्हणजे कुणीही यावं आणि काहीही घालावं. वाचायला सगळ्यांना मोकळीक आहे, लिहायला नाही. ओपनबीएसडीत लिहिण्याची परवानगी मोजक्या लोकांना असते, आणि ती वर्षानुवर्षं चांगलं काम दाखवल्यावर मिळते. तरीही घुसखोरीचे प्रयत्न होतात. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाबतीत असा प्रयत्न झाला. मूळ भांडाराची एक नक्कल वेगळ्या सर्व्हरवर ठेवली जात असे. तिथे कुणीतरी चोरून दोन ओळी घातल्या. वाचणाऱ्याला वाटावं, वापरणारा मुख्य प्रशासक आहे का, एवढंच इथे तपासलं आहे. पण तुलनेला लागणाऱ्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच घातलं होतं. त्यामुळे ती ओळ तपासण्याऐवजी वापरणाऱ्याला मुख्य प्रशासक करून टाकत होती. पकडलं कसं? त्या बदलाला मूळ भांडारातला मंजुरीचा धागाच नव्हता. वहीत नोंद नाही आणि उताऱ्यावर मात्र नाव आहे, असं दिसलं आणि बिंग फुटलं. तो कोड कुणाच्याही यंत्रावर आवृत्ती म्हणून पोचला नाही.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण यापेक्षा भयंकर होतं. फाइली दाबून लहान करण्याचं हे साधन एकच माणूस, पगाराविना, थकून गेलेला असताना सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनएक वर्षं खपून त्याचा विश्वास मिळवला आणि काही लिनक्स वितरणांच्या एसएसएचमध्ये शिरण्याचं चोरदार त्या साधनात बांधलं. हे प्रकरण उघड्या कोडविरुद्ध नेहमी पुढे केलं जातं. पण त्याचा तपशील सहसा कुणी सांगत नाही. चोरदाराचा ऐवज चाचणीच्या फाइली म्हणून, माणसाला वाचता न येणाऱ्या रूपात भांडारात ठेवलेला होता. तो जागा करणारी ओळ मात्र भांडारात नव्हतीच. वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात ती गुपचूप घातली होती. जिथे वाचणारे डोळे होते, तिथे चोराला किल्ली ठेवायचं धाडस झालं नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, आणि कोड हाताशी होता म्हणून मुळापर्यंत पोचला. बंद खोक्यात अर्धा सेकंद जास्त लागला, तर ग्राहक काय करणार? तक्रार नोंदवणार आणि वाट पाहणार.

चोरालाही दुरुस्ती दिसते, असं एक म्हणणं आहे. दिसते, खरंच दिसते. पण बंद कंपन्यांची दुरुस्ती बाहेर पडली, की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते हल्लेखोर काढतातच, त्यात मुरलेले लोक आहेत. चोराला दोन्हीकडे दिसतं. मालकाला मात्र एकाच ठिकाणी दिसतं.

राहिला ‘चालतंय ते का मोडता?’ हा शेवटचा आणि आपल्याकडे सर्वांत लाडका प्रश्न. ओपनबीएसडीने बरंच मोडलं आहे. ब्लूटूथचा आधार काढला, कारण तो कोड सांभाळणारं कुणी नव्हतं आणि न सांभाळलेला कोड घरात ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय काढली. प्रशासकाचे अधिकार तात्पुरते देणाऱ्या सुडोच्या जागी स्वतःचं छोटं डूआस आणलं. यातल्या काही निर्णयांनी मलाही त्रास झाला आहे. तरी मी त्यांच्या बाजूने उभा आहे, आणि त्याचं मुख्य कारण २०१३ मधला एक निर्णय आहे.

युनिक्सच्या वंशातल्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हा आकडा बत्तीस बिटांत ठेवला, तर १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरतो. पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतं. ऑगस्ट २०१३ मध्ये ओपनबीएसडीने आपल्या सगळ्या प्रकारच्या यंत्रांवर, जुन्या बत्तीस बिटांच्या यंत्रांवरसुद्धा, हा आकडा चौसष्ट बिटांचा केला. जुने प्रोग्राम त्याने मोडणार, हे माहीत होतं. मोडले. मग झाडभर फिरून, बाहेरच्या हजारो प्रोग्रामांत शिरून, आठवड्यांमागून आठवडे ते दुरुस्त केले. मे २०१४ च्या ५.५ आवृत्तीत हे काम लोकांच्या हातात पडलं, संकटाच्या जवळपास चोवीस वर्षं आधी. आमच्या पतसंस्थेने आज वीस वर्षांचं घरकर्ज दिलं, तर त्याचे हप्ते त्या तारखेच्या पलीकडे जातात. तो शेवटचा हप्ता कोणत्या यंत्रावर, कोणत्या घड्याळाने मोजला जाणार, याचं उत्तर त्या बंद खोक्याच्या विक्रेत्याकडे मी मागितलं होतं. त्याने माहितीपत्रक दिलं.

विरोधकांच्या भीतीतला एक भाग मात्र खरा आहे आणि तो आपल्या सगळ्यांवर जबाबदारी टाकतो. हे काम करणारी माणसं थोडी आहेत आणि पैसा त्याहून थोडा. जानेवारी २०१४ मध्ये प्रकल्पाच्या यंत्रांचं सुमारे वीस हजार डॉलरचं वीजबिल भरायला पैसे नव्हते आणि जाहीर हाक घालावी लागली. लोकांनी मदत केली, दिवे चालू राहिले. पण ज्यांच्या एसएसएचवर जगातले सर्व्हर उभे आहेत त्यांना वीजबिलासाठी हात पसरावा लागतो, ही गोष्ट मला अजून बोचते. मुळात ज्या कामाचा फायदा आपण फुकट घेतो, ते काम रोज चालू आहे म्हणून त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, हा त्या माणसांवर अन्याय आहे.

तेव्हा पतसंस्थांच्या, महाविद्यालयांच्या, नगरपालिकांच्या संगणक समित्यांना माझी विनंती आहे. ओपनबीएसडीच घ्या असा माझा हट्ट नाही. पुढची निविदा काढाल तेव्हा तिच्यात एक अट घाला: गेल्या बारा महिन्यांत या यंत्रातल्या कोडमध्ये कोणते बदल झाले, कोणी केले, का केले आणि कोणी तपासले, याची यादी जोडावी. जमिनीच्या तारणाला जुने फेरफार मागता, तसे हेही मागा. जो विक्रेता ती यादी देणार नाही, त्याची निविदा उघडू नका.